खरोखर पुसायचे का?

पूर्वी घरच्या वाटपाचा कागद ट्रंकेत असे. आता मुंबईचा भाऊ तो ईमेलने तळेऱ्यास धाडतो, आणि येथे तो बोटाच्या एका स्पर्शाने नाहीसा होऊ शकतो. यावर उपाय म्हणून यंत्र विचारते, ‘संदेश हटवायचा का?’ हा प्रश्न दिसतो तितका उपयोगी नाही, असे आमचे मत आहे.

एस्. टी.चा वाहक दोरी दोनदा ओढतो व गाडी सुटते. घंटा दोनदा वाजली म्हणून त्याने दोनदा विचार केला, असे कोणी मानीत नाही. ईमेलमध्येही तेच होते. शंभर वेळा ‘होय’ म्हटल्यावर पुसणे आणि ‘होय’ म्हणणे ही दोन कामे राहत नाहीत, हाताच्या सवयीने एकच होऊन जातात. मॅकिन्टॉश संगणकाची योजना सुरू करणारे जेफ रास्किन यांनी 2000 साली आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादन केले आहे.

मराठीत आणखी एक घोटाळा आहे. खरेदीखत रद्द करणे म्हणजे ते मोडणे, हे आपण जाणतो. परंतु पडद्यावर ‘रद्द करा’ म्हणजे ‘काही करू नका’! ‘पाठवणे रद्द करायचे का?’ या प्रश्नाखाली तेच शब्द आले, तर रद्द काय व्हायचे, पाठवणे की प्रश्न? ‘पुसा’ आणि ‘ठेवा’ असे सरळ लिहिल्यास कोणाचे काय बिघडते?

प्रश्नापेक्षा परतीची वाट बरी. जीमेलने 2015 साली पाठवलेले पत्र मागे घेण्याची सोय सर्वांस दिली. पत्र खरे म्हणजे परत येत नाही. फार तर 30 सेकंद ते दारातच थांबवून धरलेले असते. पुसलेले पत्र मात्र कचरापेटीत 30 दिवस राहते. फोनवरचे पुसले तरी संगणकावरचे उरेल, ही समजूत मात्र सोडावी. दोन्हीकडे बहुधा एकाच पेटीची दोन दारे असतात.

पुष्कळ प्रती असल्या तरी भागतेच असे नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये एका सदोष आज्ञावलीमुळे जीमेलच्या सुमारे 0.02 टक्के ग्राहकांची पत्रे दिसेनाशी झाली. प्रती अनेक केंद्रांत होत्या, पण दोष त्या प्रतींपर्यंतही पोचला. पत्रे परत मिळाली ती जाळ्यापासून अलग ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून.