विच, दॅट आणि एक स्वल्पविराम

इंग्रजीत ‘हू’, ‘विच’ किंवा ‘दॅट’ने सुरू होऊन आधीच्या नामाबद्दल काही सांगणारं जे गौण वाक्य असतं, ते म्हणजे रिलेटिव्ह क्लॉज. आपल्या व्याकरणात त्याला विशेषण वाक्य म्हणतात. बहुतेकांची त्याच्याशी गाठ पडते ती शाळेत, ‘दोन वाक्यं जोडा’ या प्रश्नात. तिथे मनात बसलेले ठोकताळे पुढे अर्ज, अहवाल, ईमेल लिहिताना आडवे येतात. वाईट याचं वाटतं की ज्या नियमांची आपण धास्ती घेतो, त्यांतले बरेच कुणाच्या तरी आवडीतून आलेले असतात. आणि जिथे खरोखर अर्थ फिरतो, तिकडे आपलं लक्षच नसतं.

माणसाला ‘हू’ आणि वस्तूला ‘दॅट’ किंवा ‘विच’, हा त्यातला सगळ्यांत पसरलेला ठोकताळा. माणसांसाठी ‘दॅट’ इंग्रजीत शतकानुशतकं वापरात आहे. ‘द वुमन दॅट टॉट मी इंग्लिश’ हे शुद्ध वाक्य आहे. औपचारिक लेखनात ‘हू’ जास्त शोभतं, एवढंच. १६११च्या किंग जेम्स बायबलमधल्या प्रार्थनेत तर प्रत्यक्ष देवासाठी ‘विच’ आलं आहे. आज माणसासाठी ‘विच’ चालत नाही, कारण वापर बदलला. ‘हूज’ फक्त माणसांचं, हेही खरं नाही. ‘अ हाउस हूज रूफ लीक्स’ निर्धास्तपणे लिहावं.

दुसरा गैरसमज शिकलेल्यांमध्ये जास्त आढळतो. स्वल्पविराम नसेल तर ‘दॅट’च हवं, ‘विच’ आलं की चूक. काही संगणकही अशा ‘विच’खाली रेघ ओढतात. या भेदाला वजन आलं ते मुख्यतः हेन्री फाउलर यांच्या १९२६च्या शब्दप्रयोगकोशामुळे. फाउलरनी ही सूचना म्हणून मांडली होती आणि चांगले लेखकही सरसकट असं लिहीत नाहीत, हे त्यांनी तिथेच मान्य केलं होतं. अमेरिकी संपादकांनी पुढे ती सूचना नियमासारखी पाळली. ब्रिटिश इंग्रजीत ‘द ट्रेन विच लेफ्ट ॲट नाइन’ आजही बिनदिक्कत छापलं जातं. उलट दिशेने मात्र सवलत नाही: स्वल्पविरामानंतर जादा माहिती देताना आजच्या प्रमाण इंग्रजीत ‘दॅट’ येत नाही.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा दंडकही असाच. कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२मध्ये बेन जॉन्सनच्या एका ओळीत हा दोष दाखवला. नंतर स्वतःच्या जुन्या निबंधातूनही अशी वाक्यं काढून टाकली. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांनी १७६२च्या व्याकरणात मवाळ भूमिका घेतली: बोलताना ही रचना चालते, गंभीर लेखनात प्रिपोझिशन आधी बरं. हे सांगताना त्यांनी लिहिलेल्या वाक्याच्या शेवटीही प्रिपोझिशनच होतं! तेव्हा ‘द पर्सन आय स्पोक टू’ लिहायला हरकत नाही. ‘टू’ आधी घ्यायचं असेल तर मात्र ‘टू हूम’ लागतं, ‘टू हू’ नाही.

आता त्या स्वल्पविरामाकडे वळू, कारण खरी जबाबदारी तिथे आहे. बोलताना थांबतो तिथे स्वल्पविराम द्यायचा, असं अनेकांना वाटतं. पण त्याने अर्थही फिरतो. एखाद्या घरमालकाने नोटीस लावली: ‘द टेनंट्स हू हॅव नॉट पेड द रेंट मस्ट लीव्ह.’ याचा अर्थ, ज्यांनी भाडं थकवलं त्यांनीच जायचं. आता ‘टेनंट्स’नंतर आणि ‘रेंट’नंतर एकेक स्वल्पविराम द्या. शब्द तेच, पण नोटीस म्हणते की सगळ्याच भाडेकरूंनी भाडं थकवलं आहे आणि सगळ्यांनीच जायचं आहे. पहिल्या वाक्यातलं विशेषण वाक्य भाडेकरूंमधून काहींना निवडून काढतं. दुसऱ्यात ते सगळ्यांबद्दल जादा माहिती देतं. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन सांगली’ म्हटलं की ऐकणारा धरून चालतो की दुसरा भाऊ आणखी कुठे तरी आहे. एकच भाऊ असेल तर स्वल्पविराम हवेत, आणि दोन्ही बाजूंना हवेत. यासाठी एक कसोटी पुरते: ते वाक्य काढून टाकल्यावर कोण किंवा कोणतं हे कळेनासं होतं का? होत असेल तर स्वल्पविराम नको. करारपत्रात आणि नियमावलीत हे चुकलं तर माणसांचं नुकसान होऊ शकतं, म्हणून मला हा धडा शाळेतच नीट शिकवला जावा असं वाटतं.

राहिला आपल्या जो-तोचा प्रश्न. ‘जो मुलगा काल आला, तो माझा मामेभाऊ’ याचं शब्दशः इंग्रजी केलं की ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय कझिन’ असं होतं. इंग्रजी ‘हू’ला ‘तो’ची जोड लागत नाही, ‘ही’ काढायचं. त्यापेक्षा ‘काल आलेला मुलगा’, ‘मी घेतलेलं पुस्तक’ ही आपली रचना मनात धरली तर इंग्रजी वाक्य लवकर जमतं. तिच्यात जो-तो नसतातच. फक्त एक फरक सांभाळावा लागतो. ‘मी घेतलेलं पुस्तक’मध्ये पुस्तक हे कर्म आहे, म्हणून ‘विच’ गाळता येतं. ‘काल आलेला मुलगा’मध्ये मुलगा कर्ता आहे, तिथे ‘हू’ हवंच. ‘द बॉय केम यस्टरडे इज माय कझिन’ चालणार नाही.

जादा ‘ही’चा घोळ कर्माच्या जागी ‘द बुक विच आय बॉट इट’ असा होतो. पुस्तकाची जागा ‘विच’ने घेतलेली असते, म्हणून ‘इट’ खोडायचं. ‘विच’ही खोडलं तर उरतं ‘द बुक आय बॉट’, आणि इंग्रज माणूस बोलताना बहुधा असंच म्हणतो.