असं का होतं? : एंजलच्या टाकीत गोल्डफिश का नको

मे महिन्यात मूल गावात पारा ४५ अंशांवर गेला की घरच्या काचेच्या टाकीतले मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. त्यांना भूक नसते, श्वास पुरत नसतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यात पाणी तापलं की मासाही तापतो, आतल्या क्रियांचा वेग वाढतो आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो.

हा ताण कोणाला कधी जाणवेल, ते जातीवर ठरतं. ॲमेझॉन खोऱ्यातल्या एंजल माशाला २४ ते २८ अंश मानवतात, त्याच्याच कुळातल्या डिस्कसला २८ ते ३०. गोल्डफिश थंड पाण्याचा. या दोघांना मानवणाऱ्या कोमट पाण्यात त्याला श्वास पुरेनासा होऊ शकतो.

तापमान जुळलं तरी स्वभाव जुळायला हवा. टायगर बार्ब एंजलच्या लांब परांचे लचके तोडतो. पूर्ण वाढलेला एंजल बारीक निऑन टेट्रा गिळतो. आणि दुकानातला बोटभर ऑस्कर पुढे फूटभर होतो, तोंडात मावेल ते खातो! एंजलसोबत तळाशी फिरणारे शांत कोरिडोरास मला सर्वांत योग्य वाटतात.

उन्हाळ्यात काचेचं झाकण काढून जाळी लावा आणि पाण्यावर पंख्याचा झोत सोडा. माठासारखंच बाष्पीभवन होऊन पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फ थेट टाकू नका, अचानक बदलाने मासे आजारी पडतात.