लायनरच्या ओ-रिंगला काय लावायचं, ऑइल की साबण?

ट्रॅक्टर गॅरेज टाकायचं डोक्यात असेल तर हे नीट समजून घ्या. वेट लायनरच्या बाहेरून पाणी फिरतं. ते खाली चेंबरच्या ऑइलमध्ये उतरू नये म्हणून ओ-रिंगा असतात. कोरडी रिंग लायनर दाबताना पिळते, कापली जाते. मग ऑइल दुधासारखं, इंजिन परत खोला, मजुरी आपल्या खिशातून, आणि तेही ऐन पेरणीत!

आधी ब्लॉकमधली रिंगची जागा घासून गंज काढा. नायट्राइल रिंगला इंजिन ऑइल चालतं. ईपीडीएम मात्र ऑइलने फुगते, तिला साबणाचं पाणीच. रंगावर जाऊ नका, पाकीट वाचा. पिस्टन टाकायच्या आधी वॉटर जॅकेटमध्ये पाणी भरा आणि खालून बॅटरी मारून बघा. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, एक थेंब दिसला तरी लायनर बाहेर.