तोफेचा नेम

पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना हा मराठी फौजेचा सर्वांत भक्कम आधार होता. शुजाउद्दौल्याच्या छावणीत असलेल्या काशीराज पंडिताने त्या दिवसाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. मराठ्यांच्या तोफा मोठ्या आणि जड होत्या, त्यांच्या तोंडाचा चढ-उतार चटकन बदलता येत नव्हता. त्यामुळे अंतर कमी होत गेले तसे गोळे शत्रूच्या डोक्यावरून जाऊन पार मागे पडू लागले, असे तो सांगतो. पानिपतच्या पराभवाची कारणे आपण अडीचशे वर्षे मोजतो आहोत, पण या कारणाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दारू होती, गोळे होते, जिवावर उदार झालेले गोलंदाज होते. ऐन वेळी नेम बदलता आला नाही.

आजच्या तोफखान्याची सारी विद्या याच अडचणीभोवती उभी आहे, आणि भारतात ती शिकवली जाते नाशिकजवळच्या देवळालीत. तिथले स्कूल ऑफ आर्टिलरी 1941 साली काकुलहून इथे आले. काकुल आता पाकिस्तानात आहे. नवे अधिकारी इथे पहिले धडे घेतात आणि काही वर्षांनी त्यांतले निवडक लाँग गनरी स्टाफ कोर्ससाठी पुन्हा येतात. नाशिकच्या भटक्या मंडळींना ही संस्था वेगळ्या कारणाने माहीत असते. बहुला किल्ला लष्कराच्या फायरिंग रेंजमध्ये येतो, त्यामुळे मनात आले आणि चढून गेलो, असे तिथे करता येत नाही.

तोफखान्याबद्दल पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही की, एरवी तोफेला तिचे लक्ष्य दिसत नाही. 155 मिलिमीटरची तोफ एखाद्या डोंगराआड उभी असते आणि लक्ष्य वीस किलोमीटरवर, दुसऱ्याच खोऱ्यात. पाहणारा वेगळा असतो. त्याला ओपी म्हणतात. हा तोफखान्याचा अधिकारी असतो, पण राहतो पायदळाच्या पुढच्या तुकडीबरोबर; दुर्बीण, लेझरचे अंतरमापक, नकाशा आणि रेडिओ हीच त्याची हत्यारे. तो लक्ष्याची जागा कळवतो. मागे कमांड पोस्टमध्ये त्या जागेचे गणित होते, आणि त्यातून निघालेले दोन कोन तोफांवर जातात, एक दिशेचा आणि एक उठावाचा. तोफेवरचा जवान साइटमधून पाहतो ते शत्रूला नव्हे, जवळच रोवलेल्या निशाणीच्या खांबांना. पाहणारा, मोजणारा आणि डागणारा अशी तीन माणसे तीन ठिकाणी असतात.

खरी कसोटी गणितात असते. तोफखान्यात वर्तुळाचे 6400 भाग करतात आणि त्या भागाला मिल म्हणतात. एक मिल चुकला तर किलोमीटरवर एक मीटरची चूक पडते, म्हणजे वीस किलोमीटरवर वीस मीटरची. पण कोन हा त्यातला सोपा भाग झाला. सुमारे 43 किलोचा गोळा वीस किलोमीटर जायला मिनिटभर तरी घेतो आणि त्या मिनिटात काही किलोमीटर उंच चढून येतो. वाटेत वाऱ्याचे थर लागतात. खाली पश्चिमेचा वारा, वर उत्तरेचा, प्रत्येक थरात तापमान निराळे. म्हणून हवामान पथक फुगा सोडते आणि थराथराचे आकडे कमांड पोस्टला पुरवते. दारूचे तापमानही पाहावे लागते. तापलेली दारू जास्त जोर करते, त्यामुळे पहाटेच्या हिशोबावर भर दुपारी डागलेला गोळा लक्ष्याच्या पुढे जातो. नळी झिजत जाते तसा गोळ्याचा वेग उतरतो. सेकंदाला एका मीटरची घट कागदावर क्षुल्लक दिसते, पण लांब पल्ल्यावर ती वीस-तीस मीटर सहज खाते. म्हणून प्रत्येक तोफेचा वेग मोजून तिच्या नावावर नोंदलेला असतो. एका बॅटरीतल्या, म्हणजे तुकडीतल्या, सहा तोफा एकाच कारखान्यातून आलेल्या असल्या तरी प्रत्येकीची खोड वेगळी. त्यात गोळा स्वतःभोवती फिरत असल्याने उजवीकडे सरकतो, आणि तो हवेत असताना खाली पृथ्वी फिरत असते ती वेगळीच.

हे सगळे अचूक धरले तरी सहा गोळे एका खड्ड्यात पडत नाहीत. ते एका लांबट पट्ट्यात विखुरतात. पट्टा माऱ्याच्या दिशेने लांब, आडवा अरुंद. ही पांगापांग तोफेच्या जन्माबरोबर आलेली आहे. त्या पट्ट्याचा मध्य लक्ष्यावर नेऊन बसवणे, हे फायर कंट्रोलचे काम.

त्याची जुनी रीत सोपी होती. एक गोळा टाकायचा, ओपीने पाहून ‘ड्रॉप 400’, म्हणजे चारशे मीटर अलीकडे, म्हणायचे, पुढचा अलीकडे पडला की ‘ॲड 200’. लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये धरायचे, अंतर निम्मे-निम्मे करत आणायचे आणि मग सगळ्या तोफांना ‘फायर फॉर इफेक्ट’, म्हणजे खऱ्या माऱ्याचा हुकूम. यात वेळ जातो आणि तेवढ्यात शत्रू खंदकात शिरतो. सर्वांत जास्त हानी करतो तो न सांगता आलेला पहिला मारा. 20 नोव्हेंबर 1917 रोजी कांब्रे इथे ब्रिटिशांनी आधी एकही चाचणीचा गोळा न टाकता, केवळ सर्वेक्षण आणि गणित यांच्या भरवशावर सुमारे हजार तोफा एकदम डागल्या. शत्रूची तोफ तिच्या आवाजावरून हुडकण्याची पद्धत त्याच पहिल्या महायुद्धात पक्की झाली आणि त्यामागे लॉरेन्स ब्रॅग हा नोबेल मिळवलेला पदार्थवैज्ञानिक होता. एनिॲक हा इलेक्ट्रॉनिक संगणकही अमेरिकी तोफखान्याचे पल्ल्याचे तक्ते काढण्यासाठी बांधायला घेतला होता.

आपल्याकडे या विद्येची सर्वांत कठीण परीक्षा 1999 मध्ये कारगिलला झाली. सपाट मैदानावर गोळा पन्नास मीटर लांब पडला तरी शत्रूला त्याची झळ लागते. द्रासच्या वरचे डोंगरमाथे मात्र धारदार. तिथे तोच गोळा धारेवरून निसटून पलीकडच्या दरीत पडतो आणि बंकरला धूळही लागत नाही. त्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे गोळा सपाटीपेक्षा लांब जातो. दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठी तफावत. शिवाय खाली आपलेच जवान चढत असतात आणि ते शेवटच्या टप्प्यावर येईपर्यंत मारा थांबवायचा नसतो, कारण मारा थांबला की बंकरमधली मशीनगन बोलू लागते. काही ठिकाणी बोफोर्स तोफा थेट रस्त्यालगत आणून, समोर दिसणाऱ्या शिखरावर सरळ नेम धरून चालवाव्या लागल्या. त्या युद्धात तोफखान्याने सुमारे 2,50,000 गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. शत्रूच्या लांब पल्ल्याच्या तोफा शोधणारे रडार तेव्हा आपल्याकडे नव्हते, पाकिस्तानकडे अमेरिकी रडार होते. ही उणीव आपण जवानांच्या रक्ताने भरून काढली, असे मी म्हणेन. उडत्या गोळ्याचा मार्ग पकडून तो कुठून सुटला हे सांगणारे ‘स्वाती’ रडार त्यानंतर आपल्याकडे तयार झाले. द्रासच्या पॉइंट 5140 या शिखराला 2022 मध्ये ‘गन हिल’ हे नाव मिळाले, ते तोफखान्याच्या त्या कामगिरीसाठी.

आता कमांड पोस्टमधले गणित ‘शक्ती’ या संगणक प्रणालीवर होते. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या प्रयोगशाळेने आखलेली अटॅग्स तोफ चाचणीत 45 किलोमीटरच्या पुढे पोचली आणि मार्च 2025 मध्ये अशा 307 तोफांचा करार झाला. एम-777 तोफांसाठी आपण एक्सकॅलिबर हे उपग्रहाच्या संकेतावर चालणारे गोळे घेतले. ओपीच्या जोडीला ड्रोन आले. यातल्या प्रत्येक गोष्टीचा मला अभिमान आहे.

पण युक्रेनच्या युद्धाने एक धडा समोर ठेवला आहे. रशियाने उपग्रहाचे संकेत जॅम करायला सुरुवात केली आणि सुरुवातीला कमालीच्या अचूक ठरलेल्या एक्सकॅलिबरचा उपयोग झपाट्याने उतरला. अशा वेळी साधा गोळा, मोजलेली नळी, फुग्याने आणलेले वाऱ्याचे आकडे आणि नकाशा वाचता येणारा अधिकारी एवढेच हाती उरते, आणि तेवढे पुरते. संकेत गेला म्हणून वारा, दारू आणि नळी यांचे गणित बदलत नाही.

म्हणून नव्या तोफांच्या खरेदीची बातमी वाचताना पल्ला किती आणि किंमत किती, एवढ्यावर थांबू नये; नेम धरणाऱ्यांना सराव किती मिळतो, हेही विचारावे. सिम्युलेटर उपयोगी आहेतच, पण स्वतःच्या आकड्यावर सुटलेला गोळा समोरच्या डोंगरावर कुठे पडला हे पाहिल्याशिवाय ओपी तयार होत नाही. त्या खऱ्या गोळ्यांच्या सरावात आणि हाताने करायच्या गणितात सरकारने कधीही काटकसर करू नये.