तुरुंगावर देखरेख कोणाची?

लॉस एंजेलिस काउंटीच्या तुरुंगांचा कारभार पाहणारा शेरीफ हा लोकनियुक्त अधिकारी असल्यामुळे, त्याच्या खात्याचे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या पाच सदस्यांच्या पर्यवेक्षक मंडळाला थैलीचे तोंड आवळता येत असे, पण त्याला बडतर्फ करता येत नसे. आणि ही उणीव किती महाग पडू शकते, याचा प्रत्यय २०११ साली आला. केंद्रीय तपासयंत्रणेचा खबऱ्या असलेल्या एका कैद्याजवळ चोरून आणलेला मोबाइल सापडताच, अंमलदारांनी दप्तरात त्याची नावे बदलून त्याला दृष्टीआड ठेवले; त्या यंत्रणेच्या तुरुंगांबाबतच्या चौकशीत अडथळा आणल्याबद्दल माजी शेरीफ ली बाका २०१७ मध्ये दोषी ठरले व त्यांना तीन वर्षांची कैद झाली.

दरम्यान, मंडळाने २०१६ मध्ये नऊ सदस्यांचा नागरी देखरेख आयोग स्थापन केला. परंतु कागदपत्रे मागविण्याचा व साक्षीदारांस हजर करविण्याचा अधिकार नसलेला आयोग म्हणजे कागदी वाघच. तो अधिकार त्याला मार्च २०२० च्या मतदानाने मिळाला.

याहून कितीतरी जुनी व्यवस्था नागरी ग्रँड ज्युरीची. २३ नागरिकांच्या या पंचमंडळाने काउंटीतील तुरुंगांची स्थिती व व्यवस्था यांची चौकशी केलीच पाहिजे, असा राज्याचा कायदा आहे. आणि तिच्या निष्कर्षांना शेरीफाला ६० व पर्यवेक्षक मंडळाला ९० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. उत्तर समाधानकारक असावे, असे मात्र कायदा म्हणत नाही!

नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी, सबळ कारण असल्यास पाचपैकी चार मतांनी शेरीफाला पदच्युत करण्याचा अधिकारही मंडळाच्या हाती दिला.