पूर्णविराम बसेना

सकाळी ७.४०. इंदिरानगरहून जांभळ्या मार्गाची मेट्रो, उतरायचं कुंदलहळ्ळीला. बसायला जागा मिळतच नाही, म्हणून उभ्या उभ्या बिलाची मेल लिहून टाकते. रविवारी एका एजन्सीचं माहितीपत्रक मराठीत करून दिलं होतं. मजुरी शब्दामागे, तीही मराठी शब्द मोजून. आता 'घरासमोरच्यांनाही' हा आपला एक शब्द. हिंदीवाला तेच 'घर के सामने वालों को भी' असं लिहितो आणि सहा शब्दांचे पैसे घेतो. प्रत्यय जोडून लिहायची मराठीची खोड मला दर महिन्याला महागात पडते.

९.१५. ऑफिस. सामान घरपोच देणाऱ्या एका ॲपचा मराठी मजकूर माझ्याकडे आहे. खुर्चीत टेकते न टेकते तोच बेळगावचा डिझायनर पोरगा हजर: "अक्का, बटण फुटालंय की." बघते तर 'पुढे चला' रुंदीत नीट मावलंय, पण चौकट इंग्रजी अक्षरांच्या उंचीवर बेतलेली. खालचा उकार कापला गेलाय आणि गिऱ्हाइकाला आम्ही 'पढे चला' म्हणतोय. त्याने ओळीची उंची जराशी वाढवली. प्रश्न मिटला, उद्या दुसऱ्या बटणावर पुन्हा निघेल.

११.००. आजचा सगळ्यात जास्त वेळ एका एसएमएसने खाल्ला. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात. १९८५ साली जर्मनीत बॉनला फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी टाइपरायटरवर वाक्यं बडवून आणि मोजून एवढी पुरतात असं ठरवलं. देवनागरीचा विचार त्यांच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. निरोपाची पेटी १४० बाइटांची. त्यात इंग्रजी अक्षर सात बिटांत भागवतं, आपलं सोळा घेतं. म्हणून आपल्या वाट्याला ७०. एकाने जरी ओलांडलं तरी निरोप दोन तुकड्यांत जातो आणि पैसे दोनाचे पडतात. मॅनेजरला मराठी येत नाही, पण हा हिशेब तोंडपाठ आहे.

शिवाय यंत्राची मोजणी वेगळीच. 'संध्याकाळी'त आपल्याला चार अक्षरं दिसतात. यंत्र काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण सगळं सुटं करून दहा म्हणतं.

माझा मजकूर असा होता: 'तुमची ऑर्डर आज संध्याकाळी ७ वाजेपर्यंत पोहोचेल. ओटीपी कोणालाही सांगू नका.' मोकळ्या जागा धरून ७३. 'कोणालाही'तला 'ही' काढला तर दोन वाचतात, पण बजावण्यातला जोरच जातो. 'तुमची' काढलं तर निरोप परक्याचा वाटतो. शेवटी 'संध्याकाळी'चं 'सायंकाळी' केलं. आकाशवाणीवरून बोलल्यासारखं वाटतं, पण ७१ झाले. मग शेवटचा पूर्णविराम उडवला. ७०. या तीन खुणांसाठी पाऊण तास गेला, आणि तो पगारात धरलेला नाही.

१.१०. डबा. समोर कन्नड आणि तमिळ मजकूर सांभाळणाऱ्या दोघी. श्रवणबेळगोळचा विषय निघाला. तिथे गोमटेश्वराच्या ५७ फुटी मूर्तीच्या पायाशी, ती चामुंडरायाने करवली, ही गोष्ट कन्नड, तमिळ आणि मराठीत कोरलेली आहे. म्हणजे आमच्या तिघींचं टेबल त्या लेखाइतकं जुनं. मराठीतल्या त्या ओळीत 'श्री' सोडलं तर त्याचं नाव आणि 'करवियलें', संपलं. आपलं प्रयोजक क्रियापद असं कामाला येतं: केलं दुसऱ्यांनी, करवलं त्याने, हे सगळं एका शब्दात. कोरणाऱ्याला मजुरी अक्षरामागे होती की दिवसावर, यावर दहीभात संपेपर्यंत वाद झाला.

३ ते ५.३०. 'रद्द करा', 'जतन करा', 'पुन्हा पाहा'. सांगण्यासारखं काही नाही.

६.४५. परतीची मेट्रो. चाचणीचा एसएमएस सांगलीला आईच्या फोनवर टाकला होता. तिने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. फोन आलाच.

"अगं, शेवटी पूर्णविराम नाही."

"बसत नव्हता गं, आई."

"मग पहिला तरी कशाला ठेवलास?"

गाडी स्टेशनात शिरली आणि फोन कट झाला.