पांझरेची वाट

धुळे जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. जिल्ह्याच्या उत्तर भागातून तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहताना दिसेल. तिला मिळणारी पांझरा मात्र उलट दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. धुळे शहर ओलांडून काही अंतर गेल्यावर ती एकदम उत्तरेकडे वळते आणि मुडावद येथे तापीला मिळते. अरबी समुद्राकडे पाठ करून निघालेले पाणी शेवटी तापीबरोबर सुरतेजवळ अरबी समुद्रातच जाते! एवढा वळसा कशासाठी?

पाणी दिशा ओळखत नाही, उतार ओळखते. पांझरेचा उगम साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर होतो. उत्तरेला धानोऱ्याचे आणि दक्षिणेला गाळण्याचे डोंगर असल्याने तिला पूर्वेचीच वाट मोकळी राहते. शिवाय या भागात काळ्या दगडाच्या अरुंद, लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांत शिरलेला लाव्हारस थिजून त्या झाल्या. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक भिंती आहेत. त्या साधारण पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. पांझरेचा वरचा प्रवाहही साधारण त्याच दिशेने जातो. पुढे उत्तरेला तापीचे सखल खोरे आहे, म्हणून नदी तिकडे वळते.

उतार हीच संपत्ती

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या प्रदेशात पाऊस थोडा. म्हणून येथील शेतकऱ्यांनी काही शतकांपूर्वी फड पद्धत बसवली. नदीवर दगडी बंधारा घालायचा आणि काठाने पाट काढायचा. पाटाचा उतार नदीच्या उतारापेक्षा कमी ठेवायचा. नदी भराभर खाली जाते, पाट सावकाश. त्यामुळे काही अंतरावर पाट नदीपेक्षा बराच उंच राहतो आणि मधल्या जमिनीला पाणी आपोआप मिळते. ना मोट, ना पंप. काम करते ते गुरुत्वाकर्षण.

भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार फड पाडत. एका फडात सर्वांचे पीक एकच, आणि प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत. पाणी कमी पडले तर एखादा फड कोरडा ठेवत. तोटा एकाच्या माथी न येता सर्वांत वाटला जाई. पाटकरी पाणी सोडी, जागल्या पीक राखी. विहिरी आणि विजेचे पंप आल्यावर फड पूर्वीसारखे उरले नाहीत. आता लाटीपाडा आणि अक्कलपाडा येथे पांझरेवर धरणेही आहेत. पण टंचाई वाटून घेण्याचा प्रश्न धरणाने सुटत नाही.

नाला आडवा आला तर?

पाटाच्या वाटेत खोल नाला आला तर पाणी पलीकडे कसे न्यायचे? विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती येथे असेच काम त्यांच्याकडे आले. त्यांनी नळांचा सायफन बांधला. पाणी नळातून नाल्याखाली उतरते आणि पलीकडे पुन्हा चढते. चढते कसे? अलीकडच्या उंच पाण्याच्या दाबामुळे. दहा मीटर उंचीचे पाणी जवळजवळ एका वातावरणाइतका दाब देते. मात्र नळातील घर्षणात थोडी ऊर्जा खर्च होते. म्हणून पलीकडचे तोंड अलीकडच्यापेक्षा थोडे खाली ठेवावेच लागते.

हे शाळेतही पाहता येईल. एक पारदर्शक नळी यू अक्षरासारखी वाकवून एका तोंडातून पाणी ओता. दोन्ही बाजूंची पातळी सारखी होईल. आता पाणी ओतत राहून दुसरे तोंड जरासे खाली करा. पाणी वाहू लागेल. ते तोंड किती खाली केल्यावर किती वेळात पेला भरतो, याची नोंद ठेवा. पाट काढणाऱ्याला हेच गणित सोडवावे लागते.